वरवंटा

बुधवार हा आमच्या उपकेंद्रात वजनाचा वार.
काटा व्हरांड्यात ठेवते, लादी सपाट आहे तिथे,
आणि आधी रिकामाच बघून घेते : शून्य.
एकोणीस वर्षं मी ह्या शून्यापासून सुरुवात करते आहे.

चपला काढून बाया रांगेत.
एकेक चढते, श्वास धरून ठेवते,
जणू श्वासाचंही थोडं वजन भरेल.
काट्याकडे त्या बघत नाहीत,
माझ्या तोंडाकडे बघतात.
अडतीस. एकेचाळीस. सदतीस आणि थोडं.
सगळ्या विशी-तिशीतल्या.
सत्तरीतला इथला एक फणसच बारा किलो भरतो.

रजिस्टरात 'कारण' असा एक रकाना आहे,
अंगठ्याएवढा.
त्यात काय काय मावणार?
पोदेराचा भोंगा वाजतो तेव्हा
पाव पोरांना, तिला नुसता चहा.
काजूच्या दिवसांत उजाडायच्या आत डोंगर,
बोंडं वेचता वेचता कंबर सरळ व्हायची विसरते.
दुपारी पेज :
शितं सासऱ्याच्या ताटात, निवळ तिच्या.
बांगडा महागला की मधला तुकडा कुणाचा
हे विचारायचं नसतं.
तिला शेपटीच आवडते, असं घरात सगळे सांगतात.
आता तीही सांगते.
सोमवारचा उपास देवासाठी;
बुधवार-गुरुवारचा कुणासाठी, ते देवालाही माहीत नसावं.
भूक मारायला मशेरी, दिवसातून चारदा.
मी दिलेल्या लोहाच्या गोळ्या
कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडतात,
पोट बिघडतं म्हणून.
आणि पहिल्याचं दूध तुटायच्या आत
दुसरं पोटात.

मी रकान्यात लिहिते : अपुरा आहार.
सुवाच्य अक्षरात.

फुलवंती मेळेकर चढली.
गेल्या महिन्यात एकोणचाळीस आठशे,
आज बेचाळीस.
दोन्ही हात पोटावर, पदर घट्ट खोचलेला.
"बरय गो बाय," म्हणाली, "बेचाळीस बरय."
औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला बाया घेताहेत,
बेचाळीसच्या खाली असलं की कागद परत येतो.
तिच्या नवऱ्याचा ट्रक
खाण बंद झाल्यापासून दारातच उभा आहे,
त्याच्यावर दोडक्याची वेल चढलीय.

म्हटलं, पदर सोड.
ती बराच वेळ हलली नाही.
मग ओटीतून दोन्ही हातांनी
काढला : वरवंटा.
खोबरं-मिरची वाटून वाटून मधोमध झिजलेला,
टाचा मारलेल्या खाचांत अजून हळद.
मी तो काट्यावर ठेवला.
दोन किलो दोनशे.

बारशाला असाच वरवंटा घेतात ना,
कुंची घालून, काजळाची तीट लावून,
पाळण्याखालून ह्या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात.
तिच्या धाकटीच्या बारशाला मी गेले होते,
माझ्याही हातात आला होता,
बहुतेक हाच.
धाकटी जन्मली तेव्हा एक किलो नऊशे होती.
वरवंट्याहून हलकी.

रांगेत कुणी हसलं नाही.
मागून तिची सासू पुढे आली,
सोबत म्हणून आली होती, वेंगेत धाकटी.
नातीला सुनेकडे देऊन म्हणाली, "म्हजें पळय गो."
चढली. छत्तीस.
तिचं वय माझ्या रजिस्टरात बसत नाही,
तिच्यासाठी ओळच नाही.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीने.

फुलवंतीसमोर एकोणचाळीस आठशे लिहिलं.
गेल्या महिन्याइतकंच. तेवढंच खरं होतं.
कारखान्याचा कागद मात्र
अजून माझ्या टेबलावर आहे, घडी न मोडता.

वरवंटा ठेवून जा म्हटलं, जड आहे,
चढण आहे, वर कडेवर पोर.
"ना गो," म्हणाली,
"रातच्या हुमणाक जाय."
आणि ओटीत घालून निघाली.